'अद्नो' म्हटलं तर चुकलं कुठे?

मॉस्कोतलं एक मराठी घर. चार वर्षांची मुलगी नुकतीच बालवाडीतून आलेली, गालांवर बाहेरच्या थंडीची लाली अजून तशीच. खिडकीखालच्या कट्ट्यावर ओळीनं मांडलेली सफरचंदं ती मोजत होती. प्रत्येकाला बोट लावत, डावीकडून उजवीकडे : "अद्नो, द्वा, त्री, चितीर्ये, प्यात्य." मग तिनं उघडा तळवा सगळ्या सफरचंदांवरून गोल फिरवला आणि म्हणाली, "प्यात्य याब्लक." तिचे बाबाही रशियन शिकत होते. फ्रिजवर आकड्यांचा तक्ता लावला होता आणि त्यात पहिल्या ओळीत ठळक अक्षरात लिहिलं होतं 'अदीन'. त्यांनी मायेनं दुरुस्ती केली, "अद्नो नाही गं, अदीन म्हणायचं." मुलीनं पुन्हा मोजलं, आज्ञाधारकपणे 'अदीन'पासून. पण या वेळी तळवा फिरला नाही, आणि शेवटी किती झाली हेही ती बोलली नाही.

बरोबर तीच होती.

हा प्रसंग मनात रुतून बसावा असा आहे, कारण इथं कुणी निष्काळजी नाही. बाबा शिकवू पाहत होते, मुलगी ऐकत होती, तक्ताही खोटा नव्हता. तरीही दोन मिनिटांत एका मुलीची बिनचूक मोजणी मोडली. आकडे म्हणजे दहा शब्दांची यादी, ती पाठ झाली की मोजता आलं, असं आपण धरून चालतो. रशियन भाषा हे मान्यच करत नाही. तिथं आकडा वस्तूपासून सुटा राहत नाही. वस्तू पुल्लिंगी असेल तर एक म्हणजे 'अदीन', स्त्रीलिंगी असेल तर 'अद्ना', नपुंसकलिंगी असेल तर 'अद्नो'. दोनसुद्धा बदलतो : पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी वस्तूंना 'द्वा', स्त्रीलिंगी वस्तूंना 'द्वे'. तीनपासून पुढे आकडा स्थिर होतो, पण मग वस्तूचं नाव हलायला लागतं. दोन, तीन, चार यांच्यामागे नावाचं एक रूप, पाचपासून पुढे दुसरंच. सफरचंद, 'याब्लका', नपुंसकलिंगी आहे. म्हणून त्या मुलीचं 'अद्नो'. पाच झाल्यावर 'याब्लक'. तिनं तक्ता पाहिला नव्हता, तिनं सफरचंदं पाहिली होती.

मराठी घरातल्या मुलाला यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट त्याच्या पदरात आधीच बरंच काही आहे. तीन लिंगं त्याला जन्मापासून ठाऊक असतात. पहिला हत्ती, पहिली गाडी, पहिलं सफरचंद हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. माणसं मोजताना तर मराठी आकडाही बदलते : दोघे, दोघी, तिघे, तिघी. मग अडतं कुठे? आईबाबा रशियन शिकतात इंग्रजीतून. आणि इंग्रजीच्या वाटेनं गेलं की ही सगळी शिदोरी वाटेतच सांडते. इंग्रजीत 'वन' सगळ्यांना सारखाच, म्हणून तक्त्यावर 'अदीन' एकटाच येऊन बसतो.

तेव्हा सुरुवात कोणत्या वस्तूंनी करायची याला फार महत्त्व आहे. घरात जे हाताला येईल ते मोजायला घेतलं की गोंधळ होतो, कारण दोन भाषांतली लिंगं सगळीकडे जुळत नाहीत. आपलं घर नपुंसकलिंगी, त्यांचं 'दोम' पुल्लिंगी. आपली खिडकी स्त्रीलिंगी, त्यांचं 'अक्नो' नपुंसकलिंगी. आपला चमचा पुल्लिंगी, त्यांची 'लोश्का' स्त्रीलिंगी. मासा आणि 'रीबा' यांचंही तसंच. पहिले काही आठवडे अशा वस्तू मोजणीत आणूच नयेत. हत्ती, गाडी आणि सफरचंद या तिघांची लिंगं दोन्ही भाषांत तंतोतंत सारखी आहेत, आणि तिन्ही गोष्टी खेळण्याच्या टोपलीत सापडतात. हत्ती : अदीन स्लोन, द्वा स्लना, प्यात्य स्लनोफ. गाडी : अद्ना मशीना, द्वे मशीनी, प्यात्य मशीन. सफरचंद : अद्नो याब्लका, द्वा याब्लका, प्यात्य याब्लक. सफरचंदाची खुबी अशी की एकाचं रूप आणि दोघांचं रूप लिहिताना वेगळं असलं तरी कानाला एकच लागतं. बदल ऐकू येतो तो फक्त पाचवर. म्हणून नपुंसकलिंगाची ओळख सफरचंदानं करून द्यावी. अंडं आणि झाड यांचीही लिंगं जुळतात खरी, पण पुढे त्यांची रूपं इतकी वाकडी जातात की त्या वाटेला लवकर जाऊ नये. खुर्ची आणि माणूस यांनाही थोडं थांबवावं. 'एक माणूस' आणि 'पाच माणसं' यांत रशियन नाव तेच राहतं, 'चिलवेक', आणि मूल बुचकळ्यात पडतं. लहान मुलांना मोजायला तर वेगळेच शब्द आहेत, आपल्या 'दोघं-तिघं'सारखे : 'द्वोये', 'त्रोये'.

आता त्या फिरलेल्या तळव्याबद्दल.

रशियन बालवाडीत हा हावभाव मुद्दाम शिकवतात, आणि त्याचं कारण अगदी पक्कं आहे. तीन-चार वर्षांचं मूल पाचपर्यंत छान म्हणून दाखवतं. मग विचारावं, "किती आहेत?" की ते पुन्हा एकपासून सुरू करतं. शेवटी उच्चारलेला आकडा फक्त शेवटच्या सफरचंदाचा नसून सगळ्या ढिगाचा आहे हे त्याला उमगलेलं नसतं. म्हणून मोजून झालं की हात सगळ्यांभोवती फिरवायचा, 'फ्सिवो' म्हणजे 'एकूण' म्हणायचं, आणि तेव्हाच वस्तूचं नाव घ्यायचं : "एकूण पाच सफरचंदं." मोजताना मध्ये नाव घ्यायचं नाही. 'एक सफरचंद, दोन सफरचंदं, तीन सफरचंदं' असं प्रत्येक वेळी म्हणू लागलं की मुलाची जीभ नावात गुंतते आणि आकड्याचा धागा सुटतो. रशियनमध्ये तर दर खेपेला नावाचं रूपही सांभाळावं लागेल, म्हणजे दुप्पट ओझं. आधी नुसते आकडे, पण लिंगानुसार. मग हात फिरवून आकडा आणि नाव एकत्र. ही पद्धत सोव्हिएत काळात आन्ना लेउशिना यांच्यासारख्या अभ्यासकांनी बसवली आणि आजही तिथल्या बालवाड्यांचा कणा तीच आहे. बाबांनी दुरुस्ती केल्यावर मुलीचा तळवा थांबला, याचा सल जास्त आहे तो याचसाठी. 'अदीन' की 'अद्नो' हे उद्या सुधारता येतं. एकूण किती हे सांगायचा आत्मविश्वास मात्र जपावा लागतो.

या पद्धतीत आकडे येतातही उशिरा. तीन ते चार वर्षांच्या गटात मोजणी नसतेच. असतं ते 'अदीन' आणि 'म्नोगा', एक आणि पुष्कळ. बाई टोपलीभर गाजरं घेऊन येतात. टोपलीत किती? पुष्कळ. प्रत्येक मुलाच्या हातात एकेक देतात. तुझ्याकडे किती? एक. टोपलीत किती उरली? एकही नाही. मग सगळी परत टोपलीत, पुन्हा पुष्कळ. मोठ्यांना हे पोरकट वाटेल, पण 'पुष्कळ' म्हणजे पुष्कळ 'एक' हे मुलाला इथंच हाताला लागतं. त्यानंतर दोन पट्ट्यांचं कार्ड. वरच्या पट्टीवर भूछत्रांची चित्रं, खालच्या पट्टीवर मूल एकेका भूछत्राखाली एकेक साळू ठेवतं. सारखेच आहेत का? 'पोरव्नु', बरोबरीत. एक साळू काढला की? भूछत्रं जास्त, साळू कमी. एकही आकडा न उच्चारता जास्त-कमी कळतं. चार ते पाच या वयात पाचपर्यंत मोजणी, त्याच्या पुढच्या वर्षी दहापर्यंत, शाळेत जाण्याआधीच्या वर्षी वीसपर्यंत. शाळा साधारण सातव्या वर्षी. आपल्याकडे तीन वर्षांच्या पोराकडून पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत म्हणवून घ्यायची हौस असते. त्या शेजारी हा वेग फार संथ वाटतो. मला तो योग्य वाटतो.

पाच आले की मग त्याच पाचांना नाना वाटांनी भेटवतात. बाई पडद्यामागे बसून डफलीवर टिपऱ्या मारतात. मुलं डोळे मिटून ऐकतात आणि तितकीच खेळणी पुढे सरकवतात. पुठ्ठ्यावर ओळीनं बटणं शिवलेली असतात. मूल तो पुठ्ठा पाठीमागे धरून बोटांनी चाचपतं आणि सांगतं. तितक्याच उड्या, तितक्याच टाळ्या. इथं चूक होते ती वेगाची. ठोके भराभर पडले तर जीभ मागे राहते, कारण 'चितीर्ये'त तीन अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, आहेत आणि 'त्री' एका दमात संपतो. ठोक्यांमधलं अंतर चितीर्येला पुरेल इतकं हवं.

आणखी एक गोष्ट मराठी आईबाबांना चकवते. मैदानावर, कवायतीत, लपंडावात रशियन मुलं 'अदीन'नं सुरुवात करतच नाहीत. ती म्हणतात, 'रास, द्वा, त्री'. 'रास' म्हणजे 'एकदा', एक खेप. राज्य असलेलं मूल भिंतीकडे तोंड करून पाचपर्यंत मोजतं आणि 'आले शोधायला' म्हणत धावतं, तेव्हाही पहिला शब्द 'रास'च. आपल्याकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत आहे : लाभ, दोन, तीन. आजोबांना खळं ठाऊक असेल तर नातवाचा 'रास' त्यांना लगेच पटेल. पण बालवाडीतल्या बाई वस्तू मोजताना 'रास' चालवून घेत नाहीत, आणि त्यात आडमुठेपणा नाही. हत्ती मोजताना 'रास' म्हटलं तर लिंग कळायची जागाच उरत नाही. शिवाय उलट मोजताना मूल अडतं : पाच, चार, तीन, दोन, आणि मग? उलट मोजणीचा शेवट 'अदीन'नंच होतो, 'रास'नं कधीच नाही. म्हणून दोन्ही शिकवावेत, पण जागा वेगळ्या ठेवाव्यात. उड्या मारताना 'रास', टेबलावर वस्तू मांडल्या की 'अदीन', 'अद्ना', 'अद्नो'.

उच्चारांकडे वळलं की देवनागरीची मर्यादा जाणवते. 'प्यात्य' असं लिहिलं तरी शेवटचा 'य' पूर्ण म्हणायचा नाही. जिभेचा पुढचा पसरट भाग दातांमागच्या हिरडीला चिकटवून मऊ 'त' सोडायचा, त्यात 'य'ची नुसती छटा येते. पाच, सहा, नऊ, दहा या चारही आकड्यांचा शेवट असाच आहे : प्यात्य, शेस्त्य, द्येवित्य, द्येसित्य. सात आणि आठ, 'स्येम्य' आणि 'वोसिम्य', यांचा शेवट मऊ 'म'चा. घरी शिकलेली मुलं सर्रास 'प्यात', 'शेस्त' असं कोरडं म्हणतात आणि मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाही, कारण तेही तसंच म्हणत असतात. 'चितीर्ये'मधला 'ती' आपला नव्हे. ओठ न ताणता, जीभ मागे ओढून म्हटलेला तो वेगळा स्वर आहे. तो चार वर्षांच्या मुलाला ऐकून येतो, समजावून येत नाही. मराठी कानाचा एक मोठा फायदा मात्र आहे. वीस म्हणजे 'द्वात्सत्य'. त्यातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चमचा'तला, 'चांगला'तला 'च'. 'चार'मधला नव्हे. इतरांना जो ध्वनी घासून घ्यावा लागतो तो मराठी मूल रोज जेवताना वापरतं. त्याला 'चमच्यातला च' एवढं सांगितलं की पुरतं.

सगळ्यात चिवट घोटाळा नऊ आणि दहाचा. 'द्येवित्य', 'द्येसित्य'. सुरुवात तीच, शेवट तोच, फरक मधल्या एका व्यंजनाचा. दोन ते आठ या आकड्यांत कुठे ना कुठे आपल्या आकड्यांची सावली असते. द्वा, त्री, चितीर्ये ऐकून आजीसुद्धा म्हणते, अरे हे तर आपलेच. नऊच्या बाबतीत ही सावली हरवते, कारण जुन्या स्लाव्हिक भाषेत नऊचं पहिलं 'न' शेजारच्या दहाच्या ओढीनं 'द' झालं. मोजताना नऊ-दहा जोडीनं येत राहिले आणि एकानं दुसऱ्याला आपल्यासारखं करून टाकलं. मुलाच्या तोंडीही नेमकं तेच घडतं. उपाय साधा आहे : काही दिवस दहा आणूच नये. नऊ वस्तू मांडाव्यात, नऊवर थांबावं, तळवा फिरवावा. नऊ घट्ट बसला की मग दहावी वस्तू. दोन्ही एकाच दिवशी शिकवले तर महिनोन्‌महिने अदलाबदल चालते.

बोटांचंही सांगायला हवं. आपण मोजतो पेरांवर, अंगठा टेकवत, चार बोटांची बारा पेरं. रशियन माणूस पंजा उघडा धरतो आणि बोटं मिटत जातो, करंगळीपासून, बहुधा दुसऱ्या हाताच्या तर्जनीनं ती दाबून. पाच झाले की मूठ. मुलांसाठी हे मिटणं फार उपयोगाचं आहे : तीन मिटली की दोन उभी राहिलेली दिसतात, म्हणजे पाचातली तीन आणि दोन ही फोड न सांगता समोर असते. आजीची पेरं चुकीची आहेत असं मुलाला चुकूनही सांगू नये. पेरांवर मोजताना वीस-पंचवीस जपसुद्धा हरवत नाहीत, ती ताकद वेगळी. रशियन मोजताना मिटायची बोटं, मराठी मोजताना पेरं. भाषा आणि हात यांची जोडी ठरली की मुलं भाषा सरमिसळ कमी करतात, कारण हातच आठवण करून देतो.

हौशी पालक पहिली खरेदी करतात ती 'मात्र्योश्का'ची, एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्यांची. वस्तू देखणी, रंगाचा गुळगुळीतपणा बोटांना सुखावतो, उघडताना लाकूड चरकतं त्याचीही मुलांना मजा वाटते. 'अद्ना, द्वे'साठी ती उत्तम, कारण स्त्रीलिंगी. पण पहिल्या दिवसापासून तिच्यावर मोजणी शिकवू नये. उघडली की प्रत्येकीचे दोन तुकडे होतात आणि मूल तुकडे मोजू लागतं. पाच बाहुल्यांचे नऊ तुकडे, कारण सगळ्यात आतली अखंड असते. आधी प्रत्येक बाहुली मिटून ओळीनं उभी करावी, मगच बोट लावावं. मोजणीपेक्षा तिचा खरा उपयोग क्रमासाठी : पहिली, दुसरी, तिसरी, मोठीपासून छोटीपर्यंत. आणि जुन्या रशियन दुकानांतली 'श्च्योती', ती तारांची पाटी, कुठे मिळाली तर जरूर घ्यावी. आडव्या तारांवर दहा-दहा मणी, मधले दोन गडद रंगाचे, त्यामुळे पाच आणि सहा डोळ्यांना शोधावे लागत नाहीत. मणी उजवीकडे गोळा करून ठेवायचे आणि मोजताना डावीकडे सारायचे. एका तारेवर फक्त चारच मणी असतात, ते पाव भागासाठी. मुलाला ती तार सध्या सोडून द्यायला सांगावं, नाहीतर सहा मणी हरवले म्हणून ते रडतं.

दहाच्या पुढे अकरा ते एकोणीस यांची घडण सरळ आहे : 'दहावर एक', 'दहावर दोन'. म्हणताना मात्र शब्द घट्ट मिटतात. अकरा आणि चौदा यांत जोर आधीच्या अवयवावर पडतो, बाकी सगळ्यांत मधल्या 'ना'वर, म्हणजे 'दहावर'मधल्या 'वर'वर. 'द्विनात्सत्य' बारा आणि 'द्वात्सत्य' वीस यांत गफलत होते तीही या जोरामुळेच सुटते, 'ना' ठासून म्हटला की बारा. वीसनंतर तर रशियन मूल आपल्या मुलांपेक्षा सुखी. वीस-एक, वीस-दोन, तीस-सात, सरळ वाचायचं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'सत्तर दोन' असं वाचन सुचवलं तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. तो वाद इथं उकरायचा नाही. पण एकोणतीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी यांच्याशी झटलेल्या मुलाला रशियन वीस ते तीस आठवड्याभरात येतात हे खरं. अडतं ते फक्त दोन ठिकाणी. चाळीस हा 'सोरक', त्याचा चाराशी काहीच संबंध दिसत नाही. आणि नव्वद हा 'दिविनोस्ता', ओळीतल्या साठ-सत्तर-ऐंशीसारखा नाही. हे दोन सुटे पाठ करून घ्यावेत, नियम शोधत बसू नये.

वय सांगणं हा मुलांचा सगळ्यात आवडता आकडा. एक वर्ष 'गोत', दोन ते चार 'गोदा', आणि पाचवा वाढदिवस झाला की शब्दच बदलतो : 'प्यात्य ल्येत'. हा 'ल्येत' उन्हाळ्याच्या शब्दातून आला आहे. पाच पावसाळे पाहिलेलं मूल तिथं पाच उन्हाळ्यांचं होतं. पाचव्या वाढदिवसाच्या आधी घरात हा शब्द दोन-चार आठवडे कानावर पडू द्यावा, म्हणजे केकसमोर मूल 'प्यात्य गोदा' म्हणून अडखळणार नाही. एक सप्टेंबरला शाळा सुरू होते तेव्हा मुलं बाईंसाठी फुलं नेतात. ती विषम हवीत, तीन, पाच, सात. सम फुलं अंत्यविधीला. आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालणाऱ्या घराला हे समजवावं लागत नाही. मुलाला दुकानात फुलं मोजू द्यावीत. गुलाब मोजताना 'द्वे' नाही तर 'त्री', आणि गुलाब तिथं स्त्रीलिंगी, 'रोझा', हेही जाता जाता होऊन जातं.

चुका होतीलच. 'पाच सफरचंदं' म्हणताना मूल 'प्यात्य याब्लकफ' म्हणेल, हत्तीचा शेवट सफरचंदाला लावेल. मॉस्कोत जन्मलेली रशियन मुलंही त्या वयात हाच शेवट दिसेल त्याला लावत सुटतात. 'असं नाही, तसं' म्हणून थांबवू नये. मुलानं म्हटलं की आपण नुसतं बरोबर रूपात पुढे न्यावं : "हो, प्यात्य याब्लक. एक खाऊया?" आणि स्वतःला खात्री नसेल तर तक्त्यापेक्षा मुलाच्या कानावर जास्त भरवसा ठेवावा. दिवसाचे आठ तास ते त्या भाषेत असतं. आकड्यांची पुढची विभक्तिरूपं, 'पाच सफरचंदांशिवाय', 'पन्नास जणांसोबत' वगैरे, रशियन शाळेतही सहावीत नीट शिकवतात आणि मोठी माणसंही त्यात चाचरतात. ती सातव्या वर्षाच्या आत घरात काढूच नयेत.